सहा डिसेंबरचा पांढरा शर्ट

मु. तांबरवाडी, ता. निलंगा
२१ नोव्हेंबर १९७१

जिवलग पंढरी यास व्यंकटीचा जय भीम.

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. उत्तर टाळत होतो, कारण खरं लिहिलं की तू शिव्या देणार. तर आधी शिव्या देऊन घे, मग पुढचं वाच. मी कॉलेज सोडलं.

होस्टेलच्या मेसमध्ये पिण्याच्या पाण्याचा ड्रम असतो. यंदा नांदेडलाही नळाचं खरं न्हाई. मी ड्रममध्ये तांब्या बुडवायला गेलो तर भुजंग नावाचा एक पोरगा म्हणाला, "तू बुडवू नको, थांब. मी वरून ओततो." म्हणजे मी ओंजळ धरायची! बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला! माझं डोकं फिरलं. घातली ड्रमला लाथ. ड्रम आडवा, पाणी मेसभर, पोरं पातेली घेऊन धावली. दुसऱ्या दिवशी साहेब लोक बोलावणार, त्याच्या आत मीच वळकटी उचलली आणि निलंग्याची एसटी धरली. मला पस्तावा न्हाई.

गावाबाहेर दुष्काळी तळ्याचं काम निघालंय. तिथं हजेरी मांडायला मला घेतलंय. अर्धं गाव तिथंच माती वाहून राहिलंय. ज्वारी गुडघ्यावर आली आणि तिथंच वाळली. पण तुझी माय, धुरपताकाकू, मजेत आहे. घरीच असते. काळजी करू नको.

दुसरी गोष्ट. सटवाजीमामानं तुझ्या बहिणीला स्थळ आणलंय. पोरगा लातूरच्या तहसिलीत कारकून. मामा सगळ्यांना सांगत फिरतो, "लातूर जिल्हा होऊ द्या, पोरगा हेडक्लार्क झालाच म्हणून समजा!" मी जन्मल्यापासून लातूर जिल्हा होऊन राहिलाय. पंचशीला तिकडं नांदेडात नर्सिंग शिकते. तिला विचारावं हे कुणाच्या डोक्यात येत न्हाई. नऊ जानेवारीला बघायला येणार आहेत. काका गेल्यापासून घरचा कर्ता तू. तुझ्या एका शब्दावर सगळं थांबतं. मी आपलं कळवलं. मला काय त्याचं.

सहा डिसेंबरला घालायला म्हणून माझा टेरिलीनचा पांढरा शर्ट पलटणीत नेलास, तो जपून वापर. एकच आहे.

तुझा
व्यंकटी

---

द्वारा ५६ ए.पी.ओ.
१ डिसेंबर १९७१

व्यंकट्या, जय भीम.

गाढवा! दुष्काळात ड्रम लवंडलास? भुजंगाला एक ठेवून दिली असतीस तर मी समजलो असतो. पाण्यानं तुझं काय केलं होतं? पोरं रात्रभर तहानलेली राहिली असतील आणि सकाळी त्यांना भुजंगाचं बोलणं आठवलं नसेल, तुझी लाथच आठवली असेल. डोकं गरम झालं की तू भांडण जिंकायच्या आधीच हरतोस.

आम्ही कुठं आहोत ते लिहायची परवानगी नाही. एवढंच सांगतो की इथं पाणीच पाणी आहे. बूट वाळत नाहीत. चार पावलांवर ओढा, ओढ्यापलीकडं भाताचं शेत, शेतापलीकडं ते. वाटतं, यातलं थोडं पाणी पोत्यात भरून तांबरवाडीला धाडावं.

तुझा शर्ट सामानाच्या तळाशी प्लास्टिकात गुंडाळून ठेवलाय. गरम तांब्यानं इस्त्री पण केलीय. सहा तारखेला पहाटे आम्ही काही पोरं मिळून वंदना घेणार. बाबासाहेबांचा फोटो सुभेदार साहेबांच्या पाकिटात आहे.

शीलाच्या स्थळाबद्दल तुझं काय मत? तू एकदा लातूरला जाऊन पोरगा बघून ये. व्यसन, स्वभाव, सगळं. तुझ्याइतका माझा दुसऱ्या कुणावर भरवसा नाही.

आणि माझ्या आईबद्दल तू एकच ओळ लिहिलीस. एरवी तिनं कुणाला काय सुनावलं याची दोन पानं लिहितोस. ती बरी आहे ना?

पंढरी

---

तांबरवाडी
७ डिसेंबर १९७१

पंढरी, जय भीम.

तीन तारखेला लढाई लागली तेव्हापासून गावाचा जीव ग्रामपंचायतीच्या रेडिओत अडकलाय. तुझा ठिकाणा कुणाला माहीत न्हाई, म्हणून प्रत्येक बातमी तुझीच आहे असं धरून ऐकतो.

कालचा दिवस सांगतो. दुपारी तळ्यावर बातमी आली, दिल्लीनं बांगला देशाला मान्यता दिली! मी दगडावर चढून ओरडलो. चन्नबसप्पा मुकादम खालून म्हणतो, "देश झाला ना? मग उतर खाली आन् हजेरी मांड." लोक हसले. कुणीतरी म्हणालं, "बघा, तिकडं देश झाला, आपला अजून जिल्हा होईना."

संध्याकाळच्या बातम्यांत सांगितलं की अमेरिका म्हणते लढाई थांबवा, आणि रशियानं नकाराधिकार वापरून तो ठराव अडवला. काकूनं विचारलं, "हे लोक कुठं बसून भांडतेत?" म्हणलं, न्यूयॉर्कात, टेबलाभोवती. तर म्हणते, "बरं हाय. टेबलावर कितीबी भांडा म्हणावं. तिथं कुणाचं लेकरू मरत न्हाई."

मग वस्तीत सगळे पांढऱ्या कपड्यात जमलो. मी बापाचा जुना सदरा घातला, माझा शर्ट तर तुझ्याकडं. मेणबत्त्या पेटवणार, इतक्यात सरपंच अमृतराव दोन माणसं घेऊन हजर. "दिवे लावायचे न्हाईत. लढाई हाय. बिदरला विमानं हाईत. वरून उजेड दिसला तर समद्या गावावर बॉम्ब पडंल."

मी म्हणलं, "तुमच्या माडीवरची गॅसबत्ती वरून दिसत न्हाई, आमची मेणबत्तीच बरी दिसती?"

"जास्त बोलू नको. ड्रम आडवा करून आलास ते म्हाईत हाय आमाला."

पंढरी, मी धोंडा उचलला होता. खोटं कशाला बोलू. काकूनं माझं मनगट धरलं. "ठेव खाली. आज कुनाचा दिवस हाय, इसरलास?" मग तिनं आपलं घमेलं आणलं, भिंतीकडं तोंड करून आडवं टेकवलं आणि आत मेणबत्ती लावली. उजेड भिंतीला, पाठ आभाळाला. म्हणाली, "सरपंच, या. इमानवाल्याला दिसतंय का बघा."

अमृतरावानं वाकून पाहिलं. वर पाहिलं. लांब जाऊन परत पाहिलं. "न्हाई दिसत," म्हणाला.

"मग एक घमेलं तुमच्या माडीवरल्या बत्तीवर पन घाला. गाव तुमचं बी हाय."

सरपंचाचीच माणसं आधी हसली, मग तोही हसला. माडीवरची बत्ती विझली. आणि वस्तीतल्या घराघरातून घमेली आली. भिंतीभर पिवळ्या चंद्रकोरी. आम्ही वंदना म्हणली. तू पण तिकडं त्याच वेळी म्हणत असशील असं वाटलं.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. मी लातूरला जाऊन तो कारकून बघून येणार न्हाई. तो देवमाणूस निघाला तरी मी सांगणार न्हाई. मला पंचशीला आवडते. चौथीत तिनं माझी पाटी फोडली होती तेव्हापासून. रात्री डोळे मिटले की तीच दिसते, जेवताना तीच, हजेरी मांडताना तर दोनदा तिचंच नाव लिहिलं आणि खोडलं.

काल दिल्लीनं एका देशाला मान्यता दिली. तू आम्हाला दे. एक ओळ पुरे. नऊ जानेवारीच्या आत.

तुझा, वाट बघणारा
व्यंकटी

---

द्वारा ५६ ए.पी.ओ.
२३ डिसेंबर १९७१

प्रिय मित्र व्यंकटी यास स. न. वि. वि.

आपले पत्र पावले. युद्ध संपले. मी खुशाल आहे. मातोश्रींना तसे कळवावे. त्यांची काळजी घ्यावी व त्यांना जड काम करू देऊ नये. बहिणीच्या विवाहाबाबत सध्या काही लिहू शकत नाही, क्षमस्व. तुमचा शर्ट परत येणार नाही.

कळावे,
पंढरी

---

तांबरवाडी
३० डिसेंबर १९७१

श्री. पंढरी साहेब यांस,

इतकं सुरेख अक्षर तुमचं कधीपासून झालं? लढाई जिंकली म्हणून मुन्शी ठेवलात काय? "आपले पत्र पावले"! "क्षमस्व"! साधा जय भीमसुद्धा लिहवला न्हाई?

समजलो मी. कॉलेज सोडलेला, हजेरी मांडणारा पोरगा तुझ्या बहिणीच्या लायकीचा न्हाई. तसं सरळ लिहायचं. माझं प्रेम तुला इतकं घाण वाटलं की दुसऱ्याकडून पत्र लिहून घेतलंस आणि माझा शर्टही अंगाला नको झाला? फेकून दिलास?

मग ऐक. नऊ तारखेला मामा त्या कारकुनाला घेऊन आला की मी चावडीसमोर उभा राहून सगळ्या गावाला सांगणार. पोह्यांची ताटं उलटी करीन. तुझी परवानगी मागितली ही माझी चूक झाली. तुझं हे पत्र मी सगळी हकीकत लिहून पंचशीलेला पाठवून देतोय. बघू दे तिला आपला भाऊ.

व्यंकटी

---

नर्सेस होस्टेल, नांदेड
४ जानेवारी १९७२

व्यंकटी, जय भीम.

दादाचं पत्र आणि तुझं पत्र, दोन्ही वाचली. तुझं वाचताना हसू आलं. दादाचं वाचताना आलं नाही.

पत्राखालची सही तू पाहिलीस का? पत्र कुणी का लिहिलेलं असेना, सही दादानं केलीय. पहिलीतल्या पोरासारखी. रेघ थरथरलीय, अक्षरं उलट्या बाजूला कललीत. आमच्या वॉर्डात उजवा हात दुखावलेले पेशंट सुट्टी होताना डाव्या हातानं अशीच सही करतात. तो तुझ्यावर रागावलेला नाही. त्याच्या उजव्या हाताला काहीतरी झालंय, आणि तुला कळलं की तू तसाच पळत जाऊन आईच्या अंगावर ती बातमी आदळशील, या भीतीनं त्यानं लपवलंय. मी त्याला लिहिलंय, खरं काय ते कळव म्हणून. त्याचं उत्तर येईपर्यंत आईला सांगू नकोस.

आता तुझं. ताटं उलटी करणार म्हणतोस. आधी ड्रम, मग ताटं. पुढं माझा संसार का?

नऊ तारखेला मी गावाला येतेय. मामाला मीच सांगणार की मला हे लग्न करायचं नाही, माझा कोर्स व्हायचाय. त्याला तुझी गरज नाही. तू त्या दिवशी घरात पाय ठेवू नकोस.

दादाकडं मान्यता मागितलीस. छान. पण त्या देशातल्या लोकांनी मार्चमध्येच ठरवलं होतं की आमचा देश वेगळा. दिल्लीनं मान्यता दिली ती डिसेंबरात. आधी ज्याचं त्यानं ठरवायचं असतं, मान्यता नंतर. तू दादाला विचारलंस, मामावर चिडलास, "तिला कुणी विचारत नाही" असं दुसऱ्यांना बोललास. तू मला कधी विचारलंस?

विचारायचं असेल तर आधी एक कर. त्याच कॉलेजात परत जा. त्याच मेसमध्ये, सगळ्यांच्या देखत, त्याच ड्रममध्ये तांब्या बुडवून पाणी पी. ओंजळ न धरता आणि लाथही न घालता. मग ये आणि विचार. उत्तर काय असेल ते आज सांगणार नाही. पण विचारायचा हक्क तेव्हा मिळेल.

पंचशीला

---

लष्करी दवाखाना, पुणे
१६ जानेवारी १९७२

व्यंकट्या, जय भीम.

हे डाव्या हातानं लिहितोय. रोज थोडं थोडं. ओळी डोंगर चढल्यासारख्या दिसतील, चालवून घे. शीलानं ओळखलंच, म्हणजे लपवण्यात अर्थ नाही. उजव्या हाताचा अंगठा आणि करंगळी राहिली, मधलं गेलं. मागचं पत्र शेजारच्या खाटेवरच्या कोल्हापूरच्या जवानाकडून लिहून घेतलं. त्याचं अक्षर सुरेख आहे, भाषा तलाठ्याची.

तू तुझा सहा डिसेंबर सांगितलास. हा माझा.

पहाटे वंदनेला बसलो. त्रिशरण अर्ध्यावर होतं तेवढ्यात पुढं सरकायचा हुकूम आला. तुझा शर्ट घडी घालून छातीशी खुपसला आणि ओढ्यात उतरलो. समोर कापलेल्या भाताचं शेत, पल्याड पक्क्या विटांची इमारत, तिच्या खिडकीत त्यांची मशीनगन. आम्ही उठलो की ती बोलायची. आम्ही पुन्हा बांधाआड. दुपारपर्यंत असंच. मधल्या शेतात आमची पोरं पडलेली, आणि सकाळी गस्तीवर आलेली त्यांची पण. त्यांच्यातलं एक पोर सारखं "पानी, पानी" करत होतं. गुडघाभर पाण्याच्या मुलखात.

सुभेदार साहेबांच्या ट्रान्झिस्टरवर मान्यतेची बातमी आली. साहेब म्हणाले, "देशाला मान्यता मिळाली, पण ह्या शेताला अजून मिळाली नाही." मग विचारलं, "उर्दू कुणाला येते?" सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. बाबा निजामाच्या शाळेत उर्दू शिकले, लातूरच्या मोंढ्यात त्यांच्याबरोबर धान्याची पोती उचलताना मी ती उचलली. तीच वापरली. बांधाआडून ओरडलो, "अरे ओ भाई! सुनो जी! बीच में दोनों तरफ के लोगां पड़े हैं. पहले उनको उठा लेंगे, फिर लड़ते बैठेंगे. नक्को बोलते क्या?"

गोळीबार थांबला. मग तिकडून कुणीतरी हसल्याचा आवाज आला. "ये कौनसी उर्दू है बे?"

मी म्हणलं, "निजाम की! लातूर के मोंढे की!"

"निशान दिखा. बगैर निशान के कोई नहीं निकलेगा."

पांढरं निशाण आणायचं कुठून? सगळं खाकी नाहीतर चिखल. मी तुझा शर्ट बाहेर काढला, बांबूला अडकवला आणि उभा राहिलो. वाटलं, हा कपडा आज अंगावर चढणार होता तो माणसं मारायला नव्हे. म्हणून निघालो.

त्यांचा एक मिशाळ हवालदार दाराची फळी स्ट्रेचरसारखी घेऊन आला. आम्ही आमची उचलली, त्यांनी त्यांची. ते पाणी मागणारं पोर माझ्या वाटेत होतं. मी बाटली काढली. त्यानं ओंजळ पुढं केली आणि मी वरून ओतायला लागलो. अन् तुझा ड्रम आठवला. मी थांबलो. बाटली त्याच्या हातात दिली. म्हणलं, "मुंह लगा के पी." त्याच्या मांडीतून रक्त वाहत होतं. शर्टाची एक बाही फाडून बांधली. हवालदार बघत होता. म्हणाला, "बिरादर, वापस जा के अच्छी जगह लेट जाना. अब हम फिर शुरू करेंगे." मी म्हणलं, "तुम भी."

दोघेही परत गेलो. पुन्हा सुरू झालं. दिवस कलायला लागला तशी आम्ही उजवीकडून त्यांना वळसा घातला. तोफेचा एक गोळा जवळ पडला आणि माझा हात तसा झाला. उरलेला शर्ट त्यावर गुंडाळला. एवढ्यात त्या इमारतीतून ते हात वर करून बाहेर येऊ लागले. रांगेत तो हवालदार होता. मला पाहून थांबला. "लातूर," म्हणाला, "तेरा हाथ?"

माझं नाव त्याला माहीत नव्हतं. लातूरचा जिल्हा कधी करायचा ते मुंबईवाले बघतील, पण त्या शेतात लातूरला मान्यता मिळाली.

म्हणून तुझा शर्ट परत येणार नाही. एक बाही पलीकडं गेली, बाकीचा माझ्या हातावरून कापून काढला.

आता दोन हिशेब. तू लिहिलंस, "काकूनं आपलं घमेलं आणलं." आपलं! घरी बसून मजेत असलेल्या बाईकडं घमेलं कुठून आलं? माझी आई दुष्काळी तळ्यावर माती वाहते हे मला तुझ्या पत्रातून असं कळलं. तू लपवलंस, मी लपवलं. फिटलं. आता तूच जा आणि तिला माझ्या हाताचं सांग. धोंडा न उचलता सांग.

दुसरं. मान्यता द्यायला मी कोण? शीलानं तुला जे सांगितलंय तेच माझं मत. त्या शेतात निशाण घेऊन उभं राहणं सोपं होतं असं मी म्हणत नाही. पण तुझं काम त्याहून अवघड आहे. मला एकदाच उभं राहावं लागलं. तुला त्या मेसमध्ये रोज जेवायचंय.

तुझा
पंढरी

---

नांदेड
१ जुलै १९७२

पंढरी, जय भीम.

नऊ जानेवारीला मी काय केलं ते तुला कळलंच असेल. काही न्हाई केलं. चावडीच्या पायरीवर बसून राहिलो. पलीकडं तुमच्या घरातून सटवाजीमामाचा आवाज येत होता, "अगं, जिल्हा होणार हाय!" आणि पंचशीलेचा, "होऊ द्या मामा, मी पण नर्स होणार आहे." कारकून बरा माणूस निघाला. जाताना मलाच विचारलं, निलंग्याची शेवटची एसटी कितीला.

काकूला तुझ्या हाताचं मीच सांगितलं. तिनं घमेल्याच्या दोन्ही कडा धरून बघितल्या, उजव्या हाताची मधली बोटं दुमडून बघितली. अंगठा आणि करंगळीवर ते उचललं. म्हणाली, "उचलतंय. त्याला म्हणावं, उचलतंय." मग रडली.

जूनमध्ये कॉलेजात गेलो. साहेब म्हणाले, माफीनामा लिहून दे. मी लिहिला. दुष्काळात पाणी सांडलं त्याची माफी मागितली. चिडलो त्याची न्हाई मागितली. त्यांनी दोनदा वाचलं आणि ठेवून घेतलं.

आज मेसमध्ये गेलो. पाऊस अजून न्हाई, ड्रम अर्धाच. भुजंग तिथंच, ताट घेऊन. मला बघून सगळ्यांची जेवणं थांबली. एक पोरगा तर पाय वर घेऊन बसला, पाणी येईल म्हणून. मी तांब्या घेतला. ड्रममध्ये मनगटापर्यंत बुडवला. उभ्यानं, सगळ्यांसमोर, गटागट प्यालो. मग तोच तांब्या पुन्हा बुडवून भरला आणि भुजंगापुढं धरला.

त्यानं तांब्याकडं बघितलं. माझ्याकडं बघितलं. माझ्या पायाकडं पण बघितलं. मी म्हणलं, "घे. आज लाथ न्हाई."

बराच वेळ माझा हात तसाच होता. दुखायला लागला. पण खाली घेतला न्हाई.

घेतला त्यानं. तोंड लावून प्याला की वरून, ते मी बघितलं न्हाई. मी माझं ताट घेऊन जेवायला बसलो.

काकूनं तळ्याच्या मजुरीतून मांजरपाट आणून पांढरा शर्ट शिवून घेतलाय माझ्यासाठी. म्हणते, "एक लेकानं लढाईत घालवला, दुसरा तू जपून वापर." धुऊन होस्टेलच्या दोरीवर टाकलाय. उद्या रविवार, नर्सेस होस्टेलात भेटायची मुभा असते. वाळला की घालतो आणि जातो विचारायला.

तुझा
व्यंकटी